प्रश्नाची शेपटी

सिस्टरना घरीदारी सगळे सिस्टरच म्हणत. वॉर्डातले डॉक्टर म्हणत, पेशंट म्हणत, जिन्यात भेटणारे शेजारी म्हणत आणि लग्नाला इतकी वर्षं होऊन खुद्द यजमानही म्हणत. यजमान चित्रकलेचे निवृत्त शिक्षक. त्यांना सारा गाव मास्तर म्हणे, म्हणून सिस्टरही मास्तरच म्हणत. एकमेकांना हुद्द्याने हाक मारणारं ते घर लांबून एखाद्या कचेरीसारखं वाटे, पण कचेरीपेक्षा कामं वेळेवर होत.

सिस्टरचे पाय मात्र आता संपावर गेले होते. हार्टच्या वॉर्डात उभं आयुष्य उभ्यानेच गेलं होतं, आणि त्यातलं निम्मं रात्रपाळीत. सकाळी घरी आल्या की घोटे असे सुजलेले असत की बूट काढायचे की पायच, हा प्रश्न पडावा. अशात नर्सिंगच्या शाळेत शिकवणाऱ्या बाईंची जागा रिकामी होणार असल्याचं कळलं. दिवसाचं काम, खुर्ची, टेबल, फळा, आणि रात्री स्वतःच्या पलंगावर झोप. फक्त पदवी हवी. शिवाय वयाची अट होती, आणि दोन-तीन वर्षांत ती अट सिस्टरना ओलांडून गेली असती, किंवा सिस्टर तिला. कोणी कोणाला ओलांडलं तरी रात्रपाळी सिस्टरच्याच वाट्याला.

तेव्हा सिस्टरनी त्याच शाळेत पदवीच्या संध्याकाळच्या वर्गात नाव घातलं आणि सगळे पेपर सोडवले. उरला फक्त संशोधनाचा प्रकल्प. विषय त्यांनी आपल्या आवाक्यातला घेतला होता : हार्टच्या वॉर्डातून घरी गेलेली माणसं गोळ्या नीट घेतात की नाही. चाळीस घरं निवडली, प्रश्नावली केली, फोनवर आवाज मुद्रित करायला धाकट्या जावेकडून शिकून घेतलं आणि सुट्टीच्या दिवशी पिशवी घेऊन जिने चढू लागल्या. संशोधन इतकं सोपं असतं हे त्यांना आधी कोणी सांगितलं नव्हतं. प्रत्येक घरी चहा मिळाला, खुर्ची मिळाली आणि पाहिजे ते उत्तर मिळालं. चाळीसच्या चाळीस माणसं गोळ्या नेमाने घेत होती.

हा निकाल घेऊन त्या संशोधन शिकवणाऱ्या सरांकडे गेल्या. सर त्यांच्या थोरल्या मुलापेक्षाही लहान होते. माणसाकडे बघून बोलायची त्यांना सवय नव्हती; ते कागदाकडे बघून बोलत, आणि जगातल्या यच्चयावत माणसांना ‘उत्तरदाते’ म्हणत. सिस्टरचा तक्ता त्यांनी वरून खाली वाचला, मग खालून वर वाचला. यातले किती जण या वर्षात पुन्हा वॉर्डात भरती झाले, एवढंच त्यांनी विचारलं. सिस्टरनी सांगितलं, अकरा. तोंडातून आकडा बाहेर पडला आणि त्यांचा त्यांनाच ऐकू आला.

सरांनी मुलाखती ऐकायला मागितल्या. सिस्टरनी फोन टेबलावर ठेवला आणि मधलीच एक मुलाखत लावली. पहिला आवाज त्यांचाच होता, आणि टेबलावरून ऐकताना तो त्यांना फार ठणठणीत वाटला. समोर बेकरीवाले काका होते.

“काका, गोळ्या वेळेवर घेता ना?”

“हो, सिस्टर.”

“विसरत नाही ना?”

“हो, सिस्टर.”

“म्हणजे नाही ना?”

“नाही, सिस्टर.”

“शाब्बास.”

सरांनी पुढची मुलाखत ऐकली, मग त्यापुढची. माणसं बदलत होती, संवाद बदलत नव्हता. शेवटी त्यांनी फोन बंद केला आणि खिडकीकडे बघत विचारलं, की या प्रश्नाला नाही म्हणायची सोय कुठे आहे? ‘विसरत नाही ना’ला हो म्हटलं तरी विसरत नाही, आणि नाही म्हटलं तरी विसरत नाही. विसरणाऱ्या माणसाने जायचं कुठे?

सिस्टरना हे लागलं. त्यात त्यांचा काही गुन्हा नव्हता. वॉर्डात तीस पेशंट आणि दोन नर्सा असताना प्रश्न विचारून उत्तराची वाट बघत उभं राहायला कोणाला सवड आहे? तिथे उत्तर प्रश्नातच भरून द्यावं लागतं. झोप लागली ना, दुखत नाही ना, बरं वाटतंय ना. पेशंटने फक्त मान हलवायची. हे ‘ना’ त्यांच्या जिभेवर इतकं मुरलं होतं, की देवाला हात जोडतानाही त्या ‘सगळं ठीक आहे ना’ असंच विचारत असाव्यात.

“माझ्याशी कोण खोटं बोलेल, सर? मी त्यांना आंघोळी घातल्यात.”

“म्हणूनच, सिस्टर,” सर म्हणाले.

मग सिस्टरनीही आपला हिशेब मांडला. छापील प्रश्नात ‘ना’ नव्हताच. तो सरांनी स्वतः तपासून शुद्ध करून दिला होता : ‘निर्धारित औषधयोजनेचे आपण कितपत अनुपालन करता?’ पहिल्याच घरी त्यांनी तो जसाच्या तसा वाचला होता. ते घर न्हाव्याचं. त्याने दोन वेळा विचारून घेतलं आणि बायकोशी सल्लामसलत करून उत्तर दिलं, की आम्ही काही पाळत नाही, सिस्टर, पाळतात ते वरच्या मजल्यावरचे, कुत्रा आहे त्यांचा. त्या दिवसापासून छापील प्रश्न पिशवीत राहिला आणि तोंडचा प्रश्न बाहेर आला.

सरांचे कान लाल झाले. बराच वेळ ते टाचण्यांची डबी उघडत आणि मिटत बसले. मग प्रथमच त्यांनी सिस्टरकडे सरळ बघितलं आणि कबूल केलं, की हा प्रश्न त्यांनी एका जाड पुस्तकातून घेतला होता आणि त्या पुस्तकालाही तो दुसरीकडून आला असावा.

आता दोघेही चुकलेले असल्यामुळे बोलणं सोपं झालं. सगळ्या घरी पुन्हा जावं लागणार होतं, आणि महिनाअखेरीला प्रकल्प दिला नाही तर पदवी पुढच्या वर्षी, म्हणजे कधीच नाही. हे सिस्टरनी सांगितलं तेव्हा त्यांचा आवाज अजिबात ठणठणीत नव्हता. सरांनी कोरा कागद ओढला. ‘तुम्ही गोळी विसरता का’ असं विचारावं असं त्यांचं मत पडलं. सिस्टर म्हणाल्या, विसरलो म्हणायला माणसाला जिवावर येतं. घरचेही तसं म्हणत नाहीत. ते म्हणतात, काल एक गोळी राहिली.

सरांचं पेन थांबलं. “पुन्हा म्हणा.”

“राहिली. गोळी राहिली.”

सर खुर्चीतून अर्धे उठले. विसरतो तो माणूस, टाळतो तो माणूस, चुकवतो तोही माणूसच. पण राहते ती गोळी. माणसाचा काही संबंधच नाही. तो बिचारा बाजूला उभा होता आणि गोळी आपली आपण राहिली. अपराध्याला इतकी ऐसपैस जागा देणारं क्रियापद त्यांच्या जाड पुस्तकात कुठेच नव्हतं. दोघांनी मिळून प्रश्न लिहिला : ‘गोळ्या घेणाऱ्या बऱ्याच जणांची एखादी राहते. गेल्या आठवड्यात तुमच्या किती राहिल्या?’ त्याच्या मागे एक छोटा प्रश्न : ‘कशामुळे राहिली?’ आणि शेवटी, घरातली पाकिटं बघायला मागून उरलेल्या गोळ्या मोजायच्या.

सरांची आणखी एक अट होती. प्रश्न विचारायचा आणि गप्प बसायचं. उत्तर येईपर्यंत मदत करायची नाही, मान डोलवायची नाही, शाब्बास तर मुळीच म्हणायचं नाही. शिवाय निवडलेल्या घरांबाहेरच्या एका माणसावर प्रश्न आधी घासून बघायचा.

गप्प बसणं सिस्टरना जमेना. आरशासमोर सराव केला तरी आरशातल्या बाईला त्या उत्तर सुचवू लागल्या. अखेर त्यांनी युक्ती काढली. पेपरमिंटच्या गोळ्यांची पुडी आणली. प्रश्न संपला की एक तोंडात टाकायची, आणि ती विरघळेपर्यंत ओठ उघडायचे नाहीत.

प्रश्न घासायला मास्तर आयतेच घरात होते. त्यांना दोन वर्षांपूर्वी हार्टचाच किरकोळ झटका येऊन गेला होता, दोन गोळ्या चालू होत्या, एक पांढरी आणि एक पिवळी. सकाळी कामावरून आल्या आल्या सिस्टर स्वयंपाकघरातूनच विचारत, गोळ्या घेतल्या ना? बाहेरून ‘हो’ येई. दोन वर्षं हे इतकं सुरळीत चाललं होतं, की मास्तरांकडून नवीन काही कळेल अशी सिस्टरना मुळीच अपेक्षा नव्हती. त्यांना फक्त पेपरमिंट तपासायचं होतं.

जेवणाच्या टेबलावर फोन ठेवून त्यांनी मास्तरांना समोर बसवलं आणि बजावलं, की आत्ता तुम्ही नवरा नाही, उत्तरदाता आहात. मास्तरांना ही बढती आवडली. त्यांनी शर्टाचं वरचं बटण लावलं. सिस्टरनी प्रश्न शब्दन्‌शब्द वाचला आणि पेपरमिंट तोंडात टाकलं.

मास्तरांनी पंख्याकडे बघितलं. मग टेबलाच्या कडेवरचा एक जुना डाग अंगठ्याने खरवडला. सिस्टरना वाटलं, प्रश्न नीट ऐकू गेला नसावा. पण तोंड बंद होतं.

“पांढरी की पिवळी?” मास्तरांनी विचारलं.

सिस्टरनी पेपरमिंट गालात सरकवलं. त्यांच्या भुवया वर गेल्या, तेवढ्या त्यांना आवरल्या नाहीत.

“पिवळी एकही राहिली नाही,” मास्तर म्हणाले. “पांढऱ्या सगळ्या राहिल्या. गेल्या आठवड्यात म्हणून नव्हे. बऱ्याच राहिल्यात.”

मुलाखत घेणाऱ्याने चेहऱ्यावर काही दाखवायचं नसतं. सिस्टरनी कागदावर लिहिलं : पांढऱ्या, सगळ्या. त्यांचं अक्षर वॉर्डात सर्वांत सुवाच्य म्हणून प्रसिद्ध होतं. या दोन शब्दांत ते ओळखू येत नव्हतं. पांढरी गोळी अंगातलं पाणी काढणारी. ती न घेतलेल्या माणसांना धाप लागून, पाय सुजून, स्ट्रेचरवरून येताना त्यांनी बघितलं होतं. किती जणांना त्यांनी स्वतः उशा रचून बसवलं होतं. आणि असाच एक माणूस त्यांच्या घरात बटण लावून बसला होता.

त्यांनी पेपरमिंट कडकड चावून संपवलं आणि दुसरा प्रश्न वाचला. कशामुळे राहिली?

कारण अगदी साधं होतं. मास्तर रोज सकाळी वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर बुद्धिबळ खेळायला जात. पांढरी गोळी घेतली की दर अर्ध्या तासाने उठावं लागे, आणि लघवीची सोय दोन मजले खाली. जाऊन येईपर्यंत आपण कोणती चाल योजली होती तेच डोक्यातून जाई. एका निवृत्त पोस्टमास्तरने याचा फायदा घेऊन त्यांना ओळीने हरवलं होतं. तेव्हापासून पांढरी गोळी सकाळी सिंकमध्ये जाई.

आता मात्र सिस्टर प्रश्नावलीबाहेर गेल्या. मला सांगितलं का नाही, असं त्यांनी विचारलं, आणि मग काय होईल ते होवो म्हणून थांबल्या. या वेळी पेपरमिंट नव्हतं.

“तू विचारलंस कधी?” मास्तर म्हणाले. त्यात तक्रार नव्हती. चित्राची सावली कोणत्या बाजूला पडते ते सांगावं, तसं त्यांनी सांगितलं. “तू सांगायचीस, गोळ्या घेतल्या ना. मी हो म्हणायचो. सकाळी दमून आलेली असायचीस. नाही म्हटलं असतं तर तू पुन्हा बूट घालून माझ्यामागे धावली असतीस.”

सिस्टरनी फोन बंद केला. मग मास्तरांचा पायमोजा खाली ओढून घोट्यावर अंगठा दाबला. खळगा पडला नाही. दुसऱ्या घोट्यावर दाबला. तिथेही नाही. त्यांच्या स्वतःच्या घोट्यापेक्षा नवऱ्याचा घोटा कितीतरी चांगला होता.

तरीही दुसऱ्या दिवशी त्यांनी मास्तरांना हार्टच्या डॉक्टरांसमोर उभं केलं. डॉक्टरांनी छाती ऐकली, कार्डिओग्रामची पट्टी काढली, वजन केलं आणि सांगितलं की नशिबाने काही बिघडलेलं नाही, पण नशिबावर औषधोपचार चालत नाहीत, गोळी घ्यायलाच हवी. मास्तरांनी बुद्धिबळाची अडचण सांगितली. डॉक्टर स्वतः खेळणारे निघाले. म्हणाले, मग जेवण झाल्यावर दुपारी घ्या की, सकाळीच घ्या असं कोण म्हणालं?

पाकिटावर ‘सकाळी’ असं सुवाच्य अक्षरात सिस्टरनीच लिहिलं होतं. त्यांनी ते तिथल्या तिथे खोडलं.  दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना मास्तरांना दंडाला धरून त्या पायरीवरच जरा उभ्या राहिल्या. मागून येणाऱ्या माणसाने वाट मागितली तेव्हा हलल्या.

पुढचे दिवस त्या पिशवी, फोन आणि पेपरमिंट घेऊन तेच जिने पुन्हा चढल्या. बेकरीवाल्या काकांनी प्रश्न ऐकला आणि कुल्फी वितळावी तसे वितळले. त्यांच्या सगळ्याच सकाळच्या गोळ्या राहत होत्या. भट्टी पेटते पहाटेआधी, ते झोपतात उजाडल्यावर, उठतात दुपारी. सकाळ म्हणजे नेमकी कोणती, हे त्यांना आजवर कोणी सांगितलं नव्हतं आणि विचारायची लाज वाटत होती. न्हावी शनिवारी गोळी ठेवून देत असे, कारण गोळीने कधी चक्कर येई आणि शनिवारी दुकानात सगळ्यांत जास्त दाढ्या. दुसऱ्याच्या गळ्याचा विचार करून तो स्वतःच्या हृदयाकडे काणाडोळा करत होता. एका आजीबाईंनी अर्ध्या गोळ्या शेजारणीला दिल्या होत्या, कारण शेजारणीलाही तशीच धडधड होई आणि तिला विचारणारं कोणी नव्हतं. शेजारीण त्या वेळी तिथेच बसलेली होती. तिने अर्धं पाकीट आणून सिस्टरपुढे ठेवलं आणि मोजायला मदतही केली.

नवल असं, की सांगून झाल्यावर कोणाचाही चेहरा पडलेला नव्हता. माणसं खुर्चीत मागे रेलत, पाय लांब करत, खिडकी उघडत. काकांनी तर सिस्टर निघताना जिन्यापर्यंत येऊन सांगितलं, की मागच्या वेळी तुम्ही शाब्बास म्हणालात ना, त्या रात्री भट्टीसमोर मला फार वाईट वाटलं. सिस्टरनी त्यांच्या गोळ्यांची वेळ डॉक्टरांना विचारून कळवायचं कबूल केलं आणि पहिल्यांदाच एक खरी मुलाखत आपल्या हातून झाली असं त्यांना वाटलं.

चाळीसपैकी एकतीस जणांच्या गोळ्या राहत होत्या. तक्ता बघून सरांना इतका आनंद झाला, की त्यांनी तो लपवायला खोकला काढला. इतक्या लोकांचं औषध चुकतंय म्हणून कोणी खूश झाल्याचं सिस्टरनी प्रथमच बघितलं.

प्रकल्प वेळेत गेला. तोंडी परीक्षेला बाहेरून एक बाई आल्या होत्या, पांढरे केस, जाड काचा, आणि पानोपानी लावलेल्या रंगीत चिठ्ठ्या. सर आणि मास्तर बाहेर बाकावर बसले. बाईंनी प्रस्तावना वगैरे सोडून पहिली चिठ्ठी उलटली आणि सरळ वर्मावर बोट ठेवलं. पहिल्या खेपेला सगळे म्हणाले घेतो, दुसऱ्या खेपेला एकतीस म्हणाले राहते. लोक तुम्हाला बरं वाटावं म्हणून पहिल्यांदा तसं बोलले असतील, तर दुसऱ्यांदा तुम्हाला बरं वाटावं म्हणून असं बोलले नसतील कशावरून? बाई बोलायच्या थांबल्या आणि वाट बघू लागल्या. त्यांना पेपरमिंट लागत नव्हतं.

सिस्टरच्या डोळ्यांसमोर वॉर्डातला लांबच लांब रात्रीचा बोळ येऊन गेला. मग त्या म्हणाल्या, “बोलले असतीलही. म्हणून पाकिटं मोजली. लोक मला खूश करायला बोलतात, बाई. पाकिटातल्या गोळ्यांना माझी ओळख नाही.”

बाईंनी चष्मा काढला. पुढचे काही प्रश्न त्यांनी विचारले, पण ते विचारायचे म्हणून. मग गुणपत्रकावर सही केली, ते सिस्टरना दिसेल असं टेबलावर वळवून ठेवलं आणि पेनाचं टोपण लावलं. ते लावून झालं तरी जा म्हणाल्या नाहीत.

“माझी रात्रीची एक राहते,” बाई म्हणाल्या. “घरी एकटीच असते. जेवणच राहतं, मग जेवणानंतरची गोळी कुठून?”

सिस्टरनी खुर्ची जवळ ओढली.

बाहेर सरांनी एव्हाना बाकापासून खिडकीपर्यंत असंख्य फेऱ्या घातल्या होत्या. एवढा वेळ लागतोय म्हणजे नापासच, दुसरं काय, असं त्यांनी मास्तरांना तीन वेगवेगळ्या शब्दांत सांगितलं, आणि सगळा दोष त्या जाड पुस्तकाचा आहे असंही. मास्तर त्यांची समजूत घालत होते, की आमच्या सिस्टरना आत शिरलं की बाहेर निघायला वेळच लागतो. दार उघडलं, सिस्टर बाहेर आल्या आणि म्हणाल्या, पास. सर उभे होते ते मटकन बाकावर बसले. इतका वेळ आत काय चाललं होतं, असं त्यांनी विचारलं.

“काही नाही,” सिस्टर म्हणाल्या. “बाईंना थोडं बोलायचं होतं.”

नर्सिंगच्या शाळेच्या मुख्याध्यापिका पलीकडच्याच खोलीत होत्या. त्यांनी सोमवारपासून या म्हणून सांगितलं आणि टेबल कोणतं, कपाटाची किल्ली कोणाकडे, हेही दाखवून ठेवलं.

मास्तर आणि सिस्टर घरच्या बसमध्ये बसले. दुपारची वेळ, बस निम्मी रिकामी, खिडकीतून ऊन मांडीवर येत होतं. सिस्टर काहीतरी सांगायला लागल्या, बहुधा टेबलाबद्दल, आणि वाक्याच्या मध्यावर झोपी गेल्या. डोकं मास्तरांच्या खांद्यावर आलं. त्यांचा थांबा आला. मास्तरांनी तो जाऊ दिला. पुढचाही जाऊ दिला. शेवटच्या थांब्यावर कंडक्टर जवळ आला आणि बस इथवरच जाते म्हणून सांगू लागला. मास्तरांनी ओठांवर बोट ठेवलं, खिशातून परतीच्या तिकिटांचे पैसे काढले आणि ही बस मागे कधी फिरते ते हळूच विचारलं. कंडक्टरने सिस्टरकडे बघितलं, ड्रायव्हरला इंजिन बंद करायची खूण केली आणि म्हणाला, बसा निवांत, आम्हाला चहा प्यायचाय.